सोमवारचं पाणी

आमच्या घरात एक वही होती. तिच्याबद्दल बोलायचं नाही असं कोणी ठरवलं नव्हतं, पण कोणी बोलत नसे. हिरव्या कापडी बांधणीची, कोपरे झिजलेली, १९६८ सालची. मद्रासमध्ये एग्मोरच्या रेल्वे क्वार्टर्समधून आम्ही नंगनल्लूरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा ह्यांनी पुष्कळ कागद रद्दीत काढले, त्यात तीही होती. मी ती गुपचूप उचलून माझ्या ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली ठेवली. का ठेवली ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. तिच्यात अर्धं अक्षर माझं होतं, एवढंच.

२००७ च्या जूनमध्ये आमच्या नातीने, निधीने, जेवताना विषय काढला. निधी म्हणजे आमच्या मकरंदची मुलगी. मकरंद सकाळी सहाच्या बसने इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात जाई तो अंधार पडल्यावर परते. त्यामुळे दुपारच्या जेवणाला आम्ही तिघंच. ती तेव्हा पीएच.डी. करत होती. पाण्यातून तीव्र ध्वनी सोडला की बारीक बुडबुडे तयार होतात, फुगतात आणि एकदम चिरडले जातात. त्या चिरडण्याच्या क्षणी बुडबुड्याच्या आत काय काय घडतं ते ती कॉम्प्युटरवर हिशेबाने घडवून पाहत होती.

"आजोबा, तुम्हीपण पाण्यातून ध्वनी सोडायचात ना? बाबा म्हणाले."

"तुझा बाबा तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याला काय कळतंय."

"म्हणजे खरं आहे!"

"ताक घे," हे म्हणाले.

"अय्यो आजोबा, ताक काय! मला जुने आकडे पाहिजेत. माझा प्रोग्राम दोन रसायनं सांगतो, आणि दोन्ही एकाच पाण्यात मोजलेली कुठे सापडत नाहीत. कनका मॅडम म्हणतात, कोणी त्या काळी मोजली असतील तर ते सोनं आहे."

कनका मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. ह्यांनी भाताचा शेवटचा घास संपवला, ताटात हात धुतला.

"त्या आकड्यांना सोनं म्हणणारी तुझी मॅडम पहिलीच," असं म्हणून ते उठले आणि गॅलरीत जाऊन बसले.

निधीने माझ्याकडे पाहिलं. मी भांडी उचलायला घेतली. पण दुपारी ह्यांचा डोळा लागल्यावर मी ट्रंक उघडली. ते आकडे खोटे आहेत असं एकदा मोठ्या माणसांनी म्हटलं होतं. माझ्या नातीच्या यंत्राने ते तपासले तर काय निघेल याची मला भीती वाटत होती, आणि तरी मला ते तपासून हवे होते.

हकिगत अशी. माझं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं. इंटर सायन्स झाले होते मी, मिरजेला. हे मद्रासला एका संशोधन संस्थेत लागले, आणि मकरंद शाळेत जाऊ लागल्यावर मलाही तिथेच प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून काम मिळालं. काचसामान धुणं, द्रावणं करणं, पाण्याचं ऊर्ध्वपातन करणं, आणि हे सांगतील ते आकडे वहीत लिहिणं. नवऱ्याच्याच हाताखाली नोकरी, म्हणून शेजारच्या अलमेलू मामी मला चिडवायच्या, "घरी एक साहेब, ऑफिसातही तोच! तुला दुसरा मिळाला नाही का गं?"

ह्यांचा प्रयोग साधा होता. काचेच्या पात्रात पाणी घ्यायचं, खालून ध्वनी सोडायचा. कानाला तो ऐकू येत नसे, फक्त दूध उतू जायच्या आधी येतो तसा बारीक चरचराट यायचा. अर्ध्या तासाने त्या पाण्याचे दोन भाग करायचे. एका भागात एक औषध घातलं की पिवळा रंग येई, दुसऱ्यात दुसरं घातलं की गुलाबी. पिवळा म्हणजे बुडबुड्यांच्या आत पाण्याचे तुकडे किती झाले त्याचं माप. गुलाबी म्हणजे बुडबुड्यांतली हवा आत किती जळली त्याचं. रंगमापकाची सुई थांबली की हे आकडा म्हणत, मी लिहीत असे. पिवळा, गुलाबी. पिवळा, गुलाबी. दोन रकाने.

त्या वर्षीच्या एप्रिलपासून आकडे बिघडले. रोजचे नाहीत. मधूनच एखादा दिवस असा येई की पिवळा निम्म्याच्याही खाली, आणि गुलाबी जवळजवळ नाहीच. दुसऱ्या दिवशी परत सगळं ठीक. ह्यांनी तारा तपासल्या, औषधं नवी मागवली, सुई दुरुस्त करून घेतली. एक दिवस मला विचारलं, "सुनेत्रा, पाणी बदललं होतं का?"

"नाही," मी म्हटलं, "तेच पाणी."

जुलैत ह्यांनी अहवाल दिला. दुसऱ्या कोणी ते वाईट दिवस गाळून टाकले असते. ह्यांनी सगळे लिहिले आणि खाली लिहिलं, कारण सापडत नाही. विभागप्रमुखांनी ह्यांना बोलावलं. मी बाहेर बाकावर बसले होते, दार उघडंच होतं.

"मिस्टर वाळिंबे," प्रमुख म्हणाले, "तुमचे बुडबुडे अधूनमधून रजा घेतात का?"

आत दोघं तिघं हसले.

"सर, जे दिसलं ते लिहिलं आहे."

"दिसलं की घरी बसून लिहिलं? लिहिणारीही तुमचीच मिसेस."

 पुढच्या महिन्यात ह्यांनी राजीनामा दिला. माझ्या नावाचा उल्लेख झाला म्हणून दिला, असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले होते. मग रेल्वेत रसायन तपासनीस म्हणून लागले, आणि निवृत्त होईपर्यंत बॉयलरचं पाणी तपासत राहिले. बॉयलरच्या पाण्यात हवा राहिली तर लोखंड गंजतं. ती किती राहिली ते मोजायचं. चोवीस वर्षं पाण्यातली हवा मोजली ह्यांनी. पीएच.डी. राहूनच गेली. घरात कधी आवाज चढवला नाही. फक्त एक सवय लागली: कुठलीही गोष्ट दोनदा पाहायची. कुलूप दोनदा, गॅस दोनदा, बसचा नंबर दोनदा. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेलेला माणूस कसा जगतो ते मी एकोणचाळीस वर्षं जवळून पाहिलं.

वही निधीच्या हातात देताना यातलं मी तिला निम्मंच सांगितलं. "आजोबांना कळता कामा नये," एवढं बजावलं.

ती दोन आठवडे त्या वहीत बुडालेली होती. तिचा प्रोग्राम एक बुडबुडा घेई आणि तो फुगून चिरडला जाईपर्यंत त्याच्या आत होणाऱ्या त्रेचाळीस अभिक्रिया क्षणाक्षणाने मोजत जाई. बुडबुडा चिरडला जायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही, आणि तिच्या यंत्राला तेवढ्यासाठी अख्खा दिवस लागे. मी विचारलं, "एवढा वेळ काय करतं गं ते?" तर म्हणाली, "आजी, त्या इवल्या जागेत पाच हजार अंश उष्णता होते. पाण्याची वाफ फुटते, हवेतला नायट्रोजनसुद्धा जळतो. प्रत्येक कणाची चौकशी करावी लागते."

मग एका दुपारी ती स्वयंपाकघरात आली. हे गॅलरीत पेपर वाचत होते. मी पिण्याचं पाणी उकळत ठेवलं होतं. त्या भागात टँकरच्या लॉरीने पाणी यायचं. उकळल्याशिवाय पीत नव्हतो.

"आजी, आजोबांनी खोटं नाही लिहिलं."

मी पदराला हात पुसले.

"चांगल्या दिवसांचे आकडे माझ्या आलेखावर बसतातच. पण वाईट दिवसांचे पण बसतात! फक्त पाण्यात विरघळलेली हवा मी कमी केली तर. पाचवा हिस्साच हवा आहे असं धरलं तर. हवा नसली की बुडबुडा वाढतच नाही, चिरडण्याआधी विरून जातो. म्हणून पिवळा उतरतो. आणि गुलाबी तर हवा जळूनच येतो, म्हणून तो जास्त उतरतो. दोन्ही किती उतरले ते एकमेकांशी जुळतं, आजी. ते प्रमाण कोणाला घरी बसून लिहिता येणार नाही. अडुसष्ट साली ते कोणाला माहीतच नव्हतं."

"मग हवा कमी कशाने झाली?"

"तेच कळत नाही. आणि एक गंमत सांगू? मी तारखा कॅलेंडरवर लावून पाहिल्या. वाईट दिवस सगळे सोमवार आहेत. अकरा सोमवार. पंधरा एप्रिलपासून. त्याच्या आधीचे सोमवार मात्र ठीक." ती हसली. "आजोबा रविवारी काय प्यायचे?"

मी हसले नाही. गॅसवर पातेल्यात पाण्याला आधण आलं होतं. तळातून बारीक बुडबुड्यांच्या माळा सुटून वर येत होत्या. त्यांच्याकडे पाहतापाहता मला अडुसष्टचा एप्रिल आठवला; आठवला म्हणण्यापेक्षा समोर दिसला.

शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी होती. शनिवारी तमिळ वर्षाचा पहिला दिवस. मग रविवार. सोमवारी सकाळी मी प्रयोगशाळेत गेले तर ऊर्ध्वपातित पाण्याचा मोठा काचेचा जार गुरुवारचा भरलेला. चार रात्री ओलांडलेलं पाणी. उन्हाळ्याचे दिवस, आणि जारच्या तळाशी मला हिरवट झाक दिसल्यासारखी वाटली. नवं पाणी दुपारपर्यंत निघणार नव्हतं, आणि ह्यांना नऊ वाजता प्रयोग सुरू करायचा असे. आमच्या मिरजेच्या घरी रात्र ओलांडलेलं पाणी देवाला चालत नसे, प्यायलाही आई देत नसे. ओतून द्यायचं, नाहीतर उकळून घ्यायचं. मी ते मोठ्या चंबूत घेतलं, बर्नरवर दहा मिनिटं खळखळ उकळलं, धूळ जाऊ नये म्हणून काचेचं बूच घट्ट बसवलं, आणि नळाखाली धरून गार केलं. पुढे दर सोमवारी तसंच. शनिवारचं पाणी शिळंच की.

मी ते कोणाला सांगितलं नाही. लपवलं म्हणून नाही. पाणी उकळलं हे काय कोणी कोणाला सांगतं? आणि हे जेव्हा विचारत होते, पाणी बदललं का, तेव्हा मी खरं तेच उत्तर दिलं होतं. पाणी तेच होतं.

"आजी? काय झालं? बस तू."

मी तिला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "आजोबांना सांगायचंच असं काही नाही. मी माझ्या प्रबंधात लिहीन, पाण्यात हवा कमी असावी. कारण अज्ञात. त्यांचे आकडे खरे ठरतात. बास ना?"

किती सोपं होतं ते! ह्यांच्यावरचा डाग निघाला असता आणि माझं नाव कुठे आलं नसतं. मी अडुसष्ट वर्षांची, हे चौऱ्याहत्तरचे. उरलेले दिवस सुखाने गेले असते. पण कारण सापडत नाही असं मी एकदा ह्यांच्या अक्षरात पाहिलं होतं, आणि त्यानंतर ह्यांनी आयुष्यभर ते कारण स्वतःत शोधलं. ते माझ्याजवळ असताना मी परत तेच लिहू द्यायचं?

मी गॅस बंद केला आणि गॅलरीत गेले.

"अहो."

"हं."

"अडुसष्ट साली सोमवारचं पाणी मी उकळत होते."

ह्यांनी पेपर खाली केला. मला वाटलं, ऐकू आलं नसावं. मी सगळं सांगितलं: चार रात्रींचं पाणी, हिरवट झाक, अकरा सोमवार, निधीचा आलेख, वही ट्रंकेत होती तेही.  माझं संपल्यावर म्हणाले,

"बूच लावत होतीस?"

"काचेचं. घट्ट."

"गार कसं केलंस?"

"नळाखाली धरून."

"म्हणजे हवा परत आत जायला वेळच नव्हता," ते म्हणाले. ते प्रश्न त्यांनी बॉयलरखान्यात कोणालाही विचारले असते तशाच आवाजात विचारले होते. मग पेपरची घडी केली. दोनदा केली. चष्मा काढून पेपरवर ठेवला आणि खालच्या रस्त्याकडे पाहत राहिले.

तीन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. भाजी काय आणू, दार लाव, मकरंदचा फोन होता. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी रोज पाणी उकळायची आणि रोज त्या पातेल्यासमोर उभं राहणं मला जड जाई.

चौथ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते आपणहून म्हणाले, "मी तुला विचारलं होतं."

"हो. पाणी बदललं का विचारलं होतंत. मी नाही म्हटलं."

"ते खरंच होतं." चहाचा घोट घेतला. "पाण्याचं काय केलंस, असं मी विचारलं नाही. वहीत पाण्याचा रकानाच आखला नव्हता मी. औषधांचा आखला, तारांचा आखला. पाणी तू आणायचीस, म्हणून ते आपलं असायचंच."

"माझ्यामुळे तुमचं सगळं आयुष्य..."

"थांब. माझं सगळं आयुष्य म्हणजे त्या अकरा तारखा नव्हेत." मग खालच्या आवाजात, "पण मला वाटायचं की माझे डोळेच... एवढी वर्षं मला तसंच वाटत होतं गं."

मला रडू आलं. ह्यांनी मला थोपवलं नाही, जवळही आले नाहीत. कप घेऊन आत गेले, आणि आतून निधीला हाक मारली.

"तुझ्या यंत्राने पाणी उकळून पाहिलं का?"

"प्रोग्राम पाणी कसं उकळेल आजोबा! तो फक्त म्हणतो, हवा कमी असेल तर असं होईल."

"म्हणजे अजून सिद्ध नाही."

"नाही."

"मग करून पाहायला पाहिजे. तुमच्या कॉलेजात ध्वनीचं पात्र आहे ना? आणि शनिवारी पाणी भरून ठेवायला सांग. झाकण लावू नका. पाणी हीच उकळेल."

कनका मॅडमनी सोमवार दिला. आम्ही ऑटोने गेलो. ह्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, खिशात दोन पेनं. ऑटोवाल्याला पत्ता दोनदा सांगितला. प्रयोगशाळा थंडगार, एसीची. आमच्या वेळी पंखासुद्धा नव्हता. रंग मोजायला आता सुई नव्हती, आकडे लाल उजेडात उमटत. मॅडम वयाने निधीहून दहा-बारा वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी ह्यांना खुर्ची दिली, पण हे बसले नाहीत.

आधी शनिवारचं पाणी तसंच घेतलं. तो चरचराट मी इतक्या वर्षांनी ऐकला. अर्ध्या तासाने पिवळा रंग चांगला गडद आला, आणि गुलाबी गुलाबासारखा.

मग मी त्याच जारमधलं पाणी चंबूत घेतलं. चंबू जड होता म्हणून निधी पुढे झाली. "तू नको," हे म्हणाले, "तिला करू दे. तेव्हा जसं केलं तसंच व्हायला पाहिजे." दहा मिनिटं खळखळ उकळलं. बूच लावलं. नळाखाली धरलं.  चंबू गार होईपर्यंत मी मनात काय म्हणत होते ते मला नीट आठवतं. आकडा खाली येऊ दे, म्हणजे ह्यांचे डोळे खरे ठरतील. आणि त्याच दमात, खाली नको येऊ दे, म्हणजे ते माझं कृत्य नव्हे.

परत अर्धा तास. निधीने औषध घातलं. पिवळा आला तो पाण्यात चार थेंब चहा पडल्यासारखा. गुलाबी येईना. कागद मागे धरला तेव्हा कुठे कळलं.

हे वाकून त्या लाल आकड्यांकडे पाहत होते. मी वाट पाहिली, ते परत एकदा पाहतील म्हणून. त्यांनी परत पाहिलं नाही.

"लिही," ते म्हणाले.

मी पिशवीतून हिरवी वही काढली. तिची मागची पानं कोरीच होती. ह्यांनी आकडा म्हटला, मी लिहिला. पिवळा, गुलाबी. मग त्यांनी पट्टी घेतली आणि त्या पानावर तिसरा रकाना आखला. पेन माझ्या हातात परत दिलं.

"पाण्याचं काय केलं ते लिही."

मी लिहिलं: दहा मिनिटे उकळले, बूच लावून गार केले. सुनेत्रा.

"आता मागे जा," ते म्हणाले.

वही त्यांनीच उघडली. पंधरा एप्रिल. जुनी शाई तपकिरी झाली होती. समासात बोटभर जागा होती, तिथे त्यांनी पट्टीने एक रेघ मारली. कनका मॅडम आणि निधी खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"पंधरा एप्रिल," ते म्हणाले. मी लिहिलं. "बावीस एप्रिल." मी लिहिलं. असं करत चोवीस जूनपर्यंत. अकरा वेळा तेच वाक्य, अकरा वेळा माझं नाव. शेवटच्या तारखेला, अहवाल लिहिण्याआधीच्या त्या पानावर, ह्यांच्या अक्षरात एक ओळ होती: कारण सापडत नाही.

ह्यांनी दुसरं पेन काढलं, ती ओळ सरळ रेघ मारून खोडली, खाली आजची तारीख घातली आणि सही केली. मग वही मिटून माझ्याकडे दिली, आणि खुर्चीवर बसले.

"निधी," ते म्हणाले, "आता तुझ्या त्या त्रेचाळीस अभिक्रिया दाखव मला. पहिल्यापासून."